आर्लला जायचं तर माझ्या नावाने

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाल सोलणं. वाल सोलता सोलता आर्लला जाऊन आलो.

आर्ल हे फ्रान्सच्या दक्षिणेचं गाव. आम्ही राहतो मुलुंड ईस्टला, दुसऱ्या मजल्यावर. जाऊन आलो म्हणजे टीव्हीवर. पाचचा चहा झाला की ती रिमोट घ्यायची. कोणीतरी माणूस कॅमेरा धरून तिकडच्या गावांतून नुसता चालत जातो. बोलणं नाही, गाणं नाही, त्याच्या बुटांचा आवाज तेवढा. तास तास, दीड दीड तास. मुलीने एकदा लावून दाखवलं आणि त्या दिवसापासून घरातल्या मालिका बंद झाल्या. माझ्या मॅचही बंद झाल्या.

मधे परात, अलीकडे मी, पलीकडे ती. वालांना चांगले लांब मोड आलेले, कोमट पाण्यात घातलेले. चिमटीत धरून दाबला की साल हातात राहते आणि दाणा सटकन बाहेर येतो. तिचा अख्खा यायचा. माझा दोनात एक मोडायचा. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातलेले हात, त्यांना वाल काय कळणार.

"अहो, मोडू नका. बिरडं करायचंय, आमटी नाही."

"पोटात जाऊन मोडायचंच आहे ते."

"मग कच्चेच टाका पोटात. सोलताय कशाला?"

टीव्हीवर तो माणूस दगडी गल्लीतून चालला होता. निळ्या झडपांच्या खिडक्या, भिंतींचा रंग उतरलेला, दारात जुन्या तेलाच्या डब्यांत झाडं लावलेली. हा व्हिडिओ आम्ही किती वेळा बघितला असेल देव जाणे. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर एक पिवळं मांजर बसलेलं असतं. ते दिसलं की ती दर वेळी म्हणायची, "आलं बघा, वेळेवर." त्या दिवशीही म्हणाली.

मला त्या संध्याकाळी तिला एक गोष्ट सांगायची होती. कपाटातला तो कागद काढ, सही करतो. एवढंच. चार वर्षं मी ती सही अडवून ठेवली होती. म्हटलं, वाल संपू दे, मग सांगू. वाल संपले. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, परात घेऊन आत गेली. मी टीव्ही बघत बसलो. सांगितलं नाही.

कसली सही ते सांगतो, पण त्यासाठी मागे जावं लागेल.

ती घरी बसून शिवण करायची. साडीला फॉल-बिडिंग, ब्लाऊज, पडदे. चौथ्या मजल्यावर एक रिटायर झालेल्या शाळेच्या मॅडम राहतात. त्या कुठल्याशा टूरबरोबर युरोपला जाऊन आल्या आणि येताना एक टेबलक्लॉथ घेऊन आल्या. पिवळाधमक, त्यावर लाल-निळी नक्षी. त्या कापडाचे उशीचे अभ्रे शिवून हवे होते. आमच्या हिने ते मशीनवर पसरलं, चष्मा लावला आणि बोट फिरवत बसली.

"मॅडम, ही कोयरी आहे."

"हो ना, छान आहे ना?"

"छान आहे, पण आपली आहे. फ्रान्समध्ये काय करतेय?"

मॅडमना शिकवायची हौस. खुर्ची ओढून बसल्या आणि सगळं सांगितलं. मी दाढी करत होतो, मलाही ऐकू येत होतं. फार पूर्वी आपल्याकडचं छापील कापड जहाजाने तिकडे मार्सेच्या बंदरात उतरायचं. तिथल्या बायका त्याच्यामागे वेड्या झाल्या. मग तिथल्या लोकांनी लाकडाचे ठसे कोरायला शिकून घेतलं आणि स्वतःच छापायला लागले. त्यांच्या राजाने मधे बंदी घातली, का तर त्याच्या विणकरांचा धंदा बसला. तरी बायका घरात लपून नेसतच राहिल्या. "आणि गंमत म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं तिथेच छापतात, पण त्या कापडाला नाव अजून हिंदुस्थानचंच आहे. त्यांच्या भाषेत 'इंडियन' म्हणतात त्याला."

हिने कापडाची घडी घातली आणि मॅडमच्या हातात परत दिली. "याला मी कात्री लावणार नाही. उशीला दुसरं काही आणा."

मॅडम हसल्या आणि घेऊन गेल्या. पण जायच्या आधी हिने पेपरचं पान ठेवून पेन्सिलने ती कोयरी उतरवून घेतली.

जेवताना म्हणाली, "बघा हां. कापड सासरी गेलं. सासरच्यांनी सगळं शिकून घेतलं, आपलं करून टाकलं. पण नाव माहेरचं राहू दिलं."

मी म्हटलं, "भात वाढ."

मला काही कळलं नव्हतं. मी सातवी शिकलेला माणूस, मला एक गोष्ट एका वेळी कळते.

मग तो नादच लागला तिला. मुलगी बोरिवलीला राहते, ऑफिसातून फोन करून विचारायची, "आई, आज कुठे?" जशी काही रोज खरंच निघायची. "आज नीसला. समुद्रावर." "बाबा पण आले?" "आले ना. तोंड वाकडं करून."

नीस हे तिकडचंच किनाऱ्यावरचं शहर. तिथे एक मोठा तांब्याचा तवा असतो, चार माणसं जेवतील एवढ्या ताटासारखा. त्यावर पातळ पीठ ओततात आणि लाकडाच्या भट्टीत ढकलतात. बाहेर आलं की खरवडून कागदात देतात, वर मिरपूड. लोक रांगा लावून, उभ्या उभ्या खातात. मुलीने कुठेतरी वाचून सांगितलं, ते पीठ चण्याचं असतं. तेल, मीठ, पाणी, बस्स.

"म्हणजे पोळा!" ही ओरडली. "बेसनाचा पोळा! त्यासाठी विमानाने जातात लोक?"

दुसऱ्या दिवशी केला. मी म्हटलं, कांदा-मिरची घाल. नाही घातली. म्हणाली, त्यांच्यासारखाच करणार. फिका लागला. मी चटणी मागितली. "तुम्हाला ना, स्वर्गात नेलं तरी चटणी मागाल." पण तिने स्वतःही दोन घास झाल्यावर गुपचूप लसणीची चटणी घेतली. मी बघितलं.

मार्सेचं बंदर मात्र तिचं सगळ्यात आवडतं. ती मूळची मालवणच्या बाजूची, वडिलांची छोटी होडी होती. बंदरावर सकाळी बायका फळ्यांवर मासे मांडून बसतात, जिवंत, शेपट्या हलणारे. एक जाडी बाई गिऱ्हाइकाशी हातवारे करून भांडत होती. भाषा काही कळत नाही, पण हिला सगळं कळायचं. "ती सांगतेय, मेल्या, घ्यायचा नाही तर हात कशाला लावतोस?" माझी आई पण अशीच बोलायची, आमच्या मासळीवाल्या पण अशाच बोलतात. बहुतेक खरंच तेच म्हणत असेल.

तिथे माशांचं एक सार करतात. मच्छीमारांचंच जेवण, जे मासे विकले जात नाहीत त्या काटेरी माशांचं. आता म्हणे मोठ्या हॉटेलात मिळतं. आधी नुसतं सार देतात, त्यात कडक पाव, पावाला लसूण-मिरचीचा लेप. मग मासे वेगळ्या थाळीत. हिने ते चार वेळा बघितलं आणि चारही वेळा एकाच जागी थांबवलं. "केशर घातलं. माशात केशर घातलं हो याने. केशर श्रीखंडात घालतात! तिरफळं नाहीत, कोकम नाही, आणि केशर." पण नंतर मला म्हणाली, "एकदा खाऊन बघायचं. केशर असलं तरी."

एकदा. हा शब्द तिचा होता. 'एकदा जायचं.' फार मागणं नव्हतं.

मी पण बघायला लागलो होतो, खोटं बोलत नाही. दोन गोष्टी मला आवडायच्या. एक म्हणजे तिथला तीन मजली दगडी पूल. एका गावाला पाणी न्यायला बांधलेला. वरच्या दगडांना चुना नाही, सिमेंट नाही, दगड दगडाला असा बसवलाय की त्याच वजनावर उभा आहे. मी आयुष्यभर लेथवर लोखंडाचे जॉब कातले. एक सूत इकडेतिकडे झालं तर सुपरवायझर तोंडावर फेकायचा. मला त्या पुलाचं माप कळतं. ज्याने तो बसवला तो माणूस मला भेटला असता तर मी त्याला चहा पाजला असता.

आणि दुसरं, आर्लमधलं ते गोल दगडी रिंगण. रोमन लोकांनी जनावरांच्या झुंजी लावायला बांधलेलं. मुलीने सांगितलं की रोमन राज्य गेल्यावर गावातले लोक त्या रिंगणातच घरं बांधून राहिले. शेकडो वर्षं. कमानी-कमानीत खोल्या.

"म्हणजे चाळ," मी म्हटलं.

"चाळच की. आणि नळ किती असतील?"

"एक. आणि त्यावर भांडणं."

खूप हसलो त्या दिवशी.

आर्लला एक चित्रकार राहून गेला. डोकं फिरलेला होता म्हणतात, हयात असताना कुणी विचारलं नाही. त्याने एक साधी लाकडी खुर्ची काढलीय, गवताने विणलेली बैठक, तिच्यावर कुणी नाही. मी म्हटलं, "रिकामी खुर्ची कोण काढतं? माणूस काढ ना." ती म्हणाली, "माणूस उठून गेलाय. आत्ताच. बैठक दबलीय अजून." मी नीट बघितलं. मला नाही दिसलं दबलेलं. पण तिची नजर शिवणाची, कापडावर कोण बसून गेलं ते तिला कळायचं.

तिथे बायकांचा एक सण असतो. सगळ्या जुन्या पोशाखात निघतात, लांब घागरा, खांद्यावर शाल, डोक्यावर फीत बांधलेला अंबाडा. हिने टीव्हीला नाक लावलं. "अहो, एक बटण नाही. हूक नाही. सगळं टाचण्यांवर उभं आहे. आणि ते कापड बघा." कापड तेच, छोट्या छोट्या फुलांचं, आपल्याकडून गेलेलं. तिथे अशा कपड्यांचं एक म्युझियम पण आहे. तिला ते बघायचं होतं. कापडाची उलटी बाजू बघायची होती. "सुलटी कुणीपण दाखवतं," म्हणायची.

मुलीने मग ठरवूनच टाकलं. "बाबा, तुम्ही दोघं जा. आठ दिवस. तिकडे कुणालातरी सांगते, गाडी करून देते, सगळं करते. आधी पासपोर्ट काढा."

मला विमानाची भीती वाटत होती, हे कबूल करतो. पण तिचा चेहरा बघून गेलो. स्टेशनजवळ एक जण फॉर्म भरून देतो. त्याने माझा भरला, दहा मिनिटांत. मग तिचा. भरता भरता विचारलं, "आजी, आधी दुसरं काही नाव होतं? लग्नाआधी?"

"होतं."

"आडनाव ना? ते लिहितो."

"आडनाव नाही. नाव. माझं नावच वेगळं होतं." आणि तिने आपलं नाव सांगितलं. मी ते नाव कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून ऐकलं. मग म्हणाली, "आणि मला पासपोर्ट त्याच नावाने हवा."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. आता मुली ऐकत नाहीत, आमच्या मुलीने पण नाही बदललं आणि मी काही बोललो नाही. पण तेव्हा विचारायचाच प्रश्न नव्हता. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं. माझ्या आईने नाव आधीच काढून ठेवलेलं, माझ्या नावाला शोभणारं. माझं अक्षर वाईट. पहिलंच अक्षर लिहिताना तांदूळ ढासळले, बायका हसल्या. दुसऱ्यांदा लिहिलं. कुणीतरी तिला विचारलं, "आवडलं का गो?" तिने मान हलवली. एकोणीस वर्षांची पोर, दुसरं काय करणार. त्या मान हलवण्यावर मी बेचाळीस वर्षं काढली.

खरं सांगायचं तर ते नवीन नाव मी पण कधी वापरलं नाही. 'अगं' म्हटलं की भागायचं. ते नाव फक्त रेशनकार्डावर आणि आईच्या तोंडात होतं. तरी मला राग आला. फॉर्म भरणारा म्हणाला, "होईल ना आजी. पण सगळे कागद बदलावे लागतील, राजपत्रात छापावं लागेल. आणि काका, तुमची एक सही लागेल. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं लिहून द्यायचं." त्याने कागद काढून दिला.

मी सही केली नाही.

घरी आल्यावर म्हटलं, "आता या वयात? लोक काय म्हणतील? बायको सोडून गेली वाटेल."

"कुठे जाणार सोडून? आर्लला?"

"आईने दिलेलं नाव आहे ते."

"तुमच्या आईने दिलेलं. माझ्या आईने पण एक दिलं होतं."

"मग आतापर्यंत का नाही बोललीस?"

"आतापर्यंत कुठे जायचंच नव्हतं मला."

उठून खाली गेलो आणि कट्ट्यावर बसलो. दुसऱ्या दिवशी मुलगी समजवायला आली. म्हणाली, "आई, आत्ता आहे त्या नावाने जाऊन ये ना. तिकडे कोण विचारतंय?" ती म्हणाली, "जायचं तर माझ्या नावाने. त्यांनी कापडाचं नाव बदललं नाही आणि मी दुसऱ्याच बाईचं नाव लावून ते बघायला जाऊ? नाहीतर इथूनच बघते. इथून बघायला कागद लागत नाही." आणि तो कागद साड्यांच्या खाली ठेवून दिला.

चार वर्षं. चार वर्षं ती इथूनच बघत राहिली. त्यावरून पुन्हा भांडली नाही, टोमणा मारला नाही. तेच जास्त लागतं आता. भांडली असती तर मी कदाचित चिडून तरी सही केली असती. रोज पाचला मला बरोबर घेऊन बसायची. कधी एखादी डोंगरातली पायवाट, कधी जांभळी फुलं लावलेली शेतं, कधी मातीच्या बाहुल्यांचं दुकान. तिकडे नाताळात गोठा मांडतात, देवाच्या बाळाचा. पण त्यात नुसता देव नसतो, अख्खं गाव असतं. मासळीवाली, पाववाला, सुऱ्यांना धार लावणारा, कापड विकणारी. मातीचे, बोटाएवढे. आपली पोरं दिवाळीत किल्ल्यावर मांडतात ना चित्रं, तसेच. ती म्हणाली, "यात लेथवाला टर्नर नाही हो. तुमची जागा नाही." मी म्हटलं, "तुझी तरी कुठाय?" "ती बघा, कापडवाली."

मी मधे मधे कपाटाकडे बघायचो. उद्या करू म्हणायचो. माणूस स्वतःशी पण उद्या म्हणतो.

शेवटी झालं ते असं. तिच्या मोबाइलवर फोन आला, ती आंघोळीला गेली होती. मी उचलला. एका बाईने कुणाचं तरी नाव घेऊन विचारलं, ती आहे का. मी म्हटलं, राँग नंबर. ठेवून दिला. ती केस पुसत बाहेर आली.

"कोण होतं?"

"कुणी नाही. कुणाला तरी विचारत होती." मी नाव सांगितलं.

ती टॉवेल धरून तशीच उभी राहिली. "अहो. मीच ती."

मला त्या क्षणी लक्षात आलं. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि माझ्याच बायकोला कुणी नावाने हाक मारली तर मी सांगतो, अशी बाई इथे राहत नाही.

तिने परत फोन लावला. गावच्या शाळेतली मैत्रीण होती, मानखुर्दला लेकीकडे आली होती, कुणाकडून तरी नंबर मिळवलेला. अर्धा तास बोलली. मालवणीत. "गो बाय, तू खंय होतंस गो इतक्या वर्सां?" असं काय काय. हसत होती. ते हसणं मी आधी ऐकलेलं नव्हतं. आमच्या घरात तिचं हसणं वेगळं होतं, थोडं आतलं. हे अंगणातलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

त्यानंतर दोन दिवसांनी वाल भिजवले. सोलायचे त्या दिवशी सांगायचं, हे मी ठरवून बसलो होतो. वाल सोलताना ती खुश असते. ठरवूनच बसलो होतो.

सात वाजता बिरडं गॅसवर होतं. नारळ खवत होती. म्हणाली, "जरा छातीत भरून आल्यासारखं वाटतंय, तुम्ही खवता का उरलेला?" मी गेलो तर ती ओट्याला धरून उभी. घामाने डबडबलेली. गॅस बंद केला, खालच्या पोराला हाक मारून रिक्षा आणली. रिक्षात तिने माझा हात धरला होता. मी बोलायला पाहिजे होतं. सही करतो, जाऊ आपण, तुझ्या नावाने जाऊ. पण मी रिक्षावाल्यालाच सांगत बसलो, उजवीकडून घे, तिथे खड्डा आहे. शेवटपर्यंत मी रस्ता सांगत होतो.

हॉस्पिटलात अर्धा तास पण काढला नाही तिने. डॉक्टरांनी विचारलं, पेशंटचं नाव? मी आधार कार्डावरचं सांगितलं. कार्डच मागत होते. त्याच नावाने कागद झाला, त्याच नावाने तिला घरी आणलं. मुलगी बोरिवलीहून आली. नातेवाइकांना यायला वेळ लागणार होता, म्हणून सकाळी अकराला न्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरलो. दूध कशाला पाहिजे होतं मला माहीत नाही, रोजची वेळ झाली आणि पाय उतरले. लिफ्टच्या बाजूला, टपालाच्या पेट्यांच्या वर सोसायटीचा काळा फळा आहे. पाणी बंद असलं, मीटिंग असली की सेक्रेटरी त्यावर लिहितात. त्यांनी लिहून ठेवलं होतं. अक्षर सुंदर आहे त्यांचं. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, मग 'कै. सौ.', मग ते माझ्या आईने दिलेलं नाव, माझं नाव, आडनाव. अंत्ययात्रा सकाळी अकरा वाजता निघेल.

मी वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग तळहाताने तेवढं एकच नाव पुसलं.

खडू फळ्याच्या कडेला होता. तिचं नाव लिहिलं. माझं अक्षर तसंच, वाकडं, बाकीच्या ओळीशी मेळ न खाणारं. एक काना राहिला होता, तो नंतर दिला.

सेक्रेटरी वरून उतरले. हातात फुलांची पिशवी होती. फळा बघून थांबले.

"काका, हे काय लिहिलंत? हे कुणाचं नाव?"

"माझ्या बायकोचं."

"अहो पण काकूंचं नाव तर..."

"हेच आहे. दोन्ही नावं एकाच बाईची. मी लिहून देतो पाहिजे तर."

त्यांना वाटलं मी भ्रमलोय. खांद्यावर हात ठेवला आणि वर गेले, मुलीला सांगायला असणार. मी तिथेच उभा राहिलो. सकाळची वेळ, लोक ऑफिसला निघालेले, पोरं शाळेला. फळ्यासमोर येऊन थांबायचे, वाचायचे आणि एकमेकांना विचारायचे, "ही कोण? आपल्या बिल्डिंगमध्ये कोण आहे या नावाची?" भाडेकरू असेल म्हणाले एक जण. पाचव्या मजल्यावर नवीन आलेत त्यांच्यातली असेल म्हणाली एक बाई.

"दुसऱ्या मजल्यावरची," मी सांगत होतो. "शिवण करायची ती. मालवणची. तिचं नाव हे."

जो येईल त्याला सांगत होतो. चौथ्या मजल्यावरच्या मॅडम काठी टेकत उतरल्या, त्यांनी फळा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि ते नाव मोठ्याने उच्चारलं, शाळेत हजेरी घेतात तसं. मग पुढचा माणूस आला, त्याला सांगितलं. मुलगी खाली येऊन "बाबा, चला, आता तिला न्यायचंय" म्हणेपर्यंत मी तिथून हललो नाही.